घरचा माणूस

गणेशपेठच्या एसटी स्टँडवर मी मुलाला गाडीत बसवून द्यायला गेले होते. मुलगा बत्तीस वर्षांचा. पाठीवर लॅपटॉपची बॅग, पायात पांढरे बूट, हातात मी भरून दिलेली पाण्याची बाटली. नरखेडची गाडी फलाटाला लागली तसा तो म्हणाला, "आई, खिडकीपाशी बसू ना?" मी "बस" म्हटलं आणि माझं मलाच हसू आलं. त्याच्या वयाचे असताना माझे वडील दोन मुलींचे बाप होते आणि खिडकीची जागा त्यांनी कधीच सोडून दिली होती.

गाडीत चढल्यावर त्यानं काचेतून माझ्याकडे पाहिलं. बालवाडीच्या पहिल्या दिवशी पाहिलं होतं, अगदी तसंच.

"पोचलास की फोन कर. आणि बूट ओट्याखालीच काढ," मी खालून ओरडले.

"हो गं, आई."

गाडी सुटली. चिकू वामनभाऊंच्या मातीला चालला होता. आमच्याकडे अंत्ययात्रेला जाण्याला मातीला जाणं म्हणतात. आयुष्यात पहिल्यांदा, आणि एकटा.

घरी ताई वाट पाहत होती, तिच्या डोळ्यांत औषध घालायची वेळ होत आली होती. तरी मी स्टँडवरच्या बाकावर थोडी टेकले. स्टँड आता ओळखू येत नाही. पाट्यांवर दिवे सरकतात, आवाज यंत्रातून येतो. पण वास तोच आहे. डिझेलचा, ओल्या गोणपाटाचा, कोणीतरी नुकत्याच सोललेल्या संत्र्याच्या सालीचा. जानेवारीतलं ऊन पाठीवर पडलं होतं. तो वास नाकात गेला आणि मी सोळा वर्षांची झाले.

सोळा वर्षांची असताना याच स्टँडवरून मी एकटी गेले होते. मलाही कोणीतरी धाडलं होतं. ताईनंच.

ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. जुन्या शुक्रवारीत दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात आम्ही राहायचो. मी, ताई आणि आमचे वडील, तात्या. आई मी नऊ वर्षांची असताना गेली. त्या दिवसाचं मला फार थोडं आठवतं. ताई गल्लीत लंगडी घालत होती. सतरा वर्षांची झाली तरी ती आम्हा लहान पोरींत लंगडी खेळायची, आणि तिच्यासारखी लंगडी आख्ख्या गल्लीत कोणाची नव्हती. एक पाय दुमडून ती अशी धावायची की वाटावं, दुसरा पाय हिला उगाचच दिलाय. मी पळत होते, ती माझ्या मागे होती, आणि कोणीतरी दारातून तिला हाक मारली. ती आत गेली. पुन्हा बाहेर आली तेव्हा तिच्या अंगावर आईचं हिरवं लुगडं होतं आणि पदर कमरेला खोचलेला होता. तो डाव तसाच राहिला. मी कितीतरी वेळ गल्लीत उभी होते, ती मला पकडायला येईल म्हणून.

त्यानंतरचे ऋतू मला ताईच्या हातांवरून आठवतात. हिवाळ्यात तिच्या बोटांना संत्र्याचा वास असायचा. साली ती कौलांवर वाळत घालायची आणि त्यांचं उटणं करायची. मी मात्र ओली साल मुरगाळून शेजारच्या पोरांच्या डोळ्यांत उडवायची. उन्हाळ्यात खिडकीला वाळ्याची ताटी लागायची आणि तिच्यावर पाणी मारण्याचं काम माझं. दुपारी पाणी मारलं की सगळी खोली ओल्या मातीच्या, ओल्या मुळांच्या वासानं गच्च भरायची. त्या गारव्यात ताई ताटीला पाठ लावून निवडण घेऊन बसायची आणि मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून तेंदूची टेंभरं खायची. बिया ती तळहातावर घ्यायची. तान्ह्या पोळ्याला माझा लाकडी बैल ती सजवायची. शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरू, पाठीवर तिच्या जुन्या पोलक्याची झूल. मी बैल ओढत घरोघरी जायची, बोजारा म्हणून मिळालेला खाऊ फ्रॉकच्या ओच्यात घ्यायची. ताई मागे, ओट्याखाली, मोठ्या बायकांसारखी पदर सावरून उभी. घरी आल्यावर मात्र ती विचारायची, "बेबी, चिक्की दिली काय वं कोणी?" आणि मी दिलेला तुकडा गालात लपवून तशीच चुलीपुढे बसायची.

बेबी म्हणजे मी. आज साठीला आले तरी ताईची मी बेबीच.

आमच्या घरात वाईट बातमी आधी ताईला सांगत. शेजारच्या काकूंना काही झालं, गावाकडून तार आली, मालकानं घर रिकामं करायला सांगितलं, काहीही असो. निरोप्या दारात आला की तात्या घरात असले तरी तो हळूच म्हणायचा, "सुशीलाबाईले बोलवा." ताई बाहेर जायची, ऐकायची, मग आत येऊन भाजी ढवळायची. जेवणं झाल्यावर सांगायची. मला तेव्हा वाटायचं, मोठं होणं म्हणजे हेच. बातमी पोटात ठेवून लोकांना पोटभर जेवू घालणं.

मग एकदा ती बातमी तिनं आधी मला सांगितली.

उमरेडचे दौलतकाका गेले होते. काका विणकर. तात्यांचे लहानपणापासूनचे सोबती. लुगड्यांचं गाठोडं घेऊन नागपूरला यायचे तेव्हा मुक्काम आमच्याकडे. ते आले की घरात सुताच्या खळीचा आंबूस वास पसरायचा आणि तात्या न थांबता बोलायचे, जे एरवी कधी बोलत नसत. काकांच्या तेरवीचा दिवस आला आणि तात्या तापानं अंथरुणावर पडले होते. ताईला त्यांना सोडून जाता येईना. तिनं मला मागच्या दारी नेलं.

"तू जाय," ती म्हणाली.

"मी? एकटी?"

"आपल्या घरचं माणूस गेलं पाहिजे, बेबी."

त्या दिवशी मी पहिल्यांदा साडी नेसले. ताईनं नेसवली. निऱ्या खोचताना तिचे हात गार होते. काकूसाठी घेतलेलं दुखवट्याचं लुगडं तिनं पिशवीत घातलं आणि एक वाक्य माझ्याकडून घोकून घेतलं, काकूला काय सांगायचं ते. उमरेडच्या गाडीत बसल्यावर मी ते वाक्य ओठांतल्या ओठांत म्हणत राहिले. दोन्ही बाजूंनी धानाची कापलेली शेतं जात होती. मध्येच कोळशाच्या धुळीनं काळी झालेली झाडं. पोचेपर्यंत मी ते वाक्य विसरले.

काकांच्या घरी पुढच्या खोलीत माग होता. तो बंद होता. त्या गल्लीतल्या प्रत्येक घरातून खटक-खटक आवाज येत होता, फक्त या घरातून नव्हता. मागावर अर्धं लुगडं तसंच होतं, जांभळं, आणि पुढे नुसते उभे धागे. बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. एकीनं विचारलं, "कोनाच्या घरची वं तू?"

"नागपूरहून. तात्यांची धाकटी."

"बाप नाही आला?"

"ताप आहे त्यांना. मी आले."

कोणी हसलं नाही. दोघी जणी सरकल्या आणि काकूशेजारी माझ्यापुरती जागा झाली. मी बसले. काय बोलायचं ते आठवेना. काकूनं माझ्याकडे पाहिलंही नाही, नुसतं माझं मनगट धरलं. धरलं ते दुपारभर सोडलं नाही. लोक आले, लोक गेले, पंगती बसल्या, उठल्या. माझ्या हाताला मुंग्या आल्या, मग हात आहे की नाही तेच कळेना. मी तो काढून घेतला नाही. कोणी सांगितलं नव्हतं, पण तो आता काढायचा नसतो एवढं मला समजलं.

संध्याकाळी घरी परतले. तात्या उठून बसले होते. ताईनं मला पाणी दिलं आणि दोघंही माझ्या तोंडाकडे पाहत बसले. मी सगळं सांगितलं. कोण आलं होतं, कोण आलं नव्हतं, काकूनं दोन घास खाल्ले की नाही, मागावर कोणत्या रंगाचं लुगडं होतं. तात्या म्हणाले, "जांभळं?" आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. त्या रात्री ताईनं मला तिच्याआधी वाढलं नाही, तिच्याबरोबर वाढलं. दोघींनी मिळून मागची भांडी घासली आणि ती मला म्हणाली की नरखेडकडचं एक स्थळ आलंय, काय करू? चोवीस वर्षांची माझी ताई मला विचारत होती. घर आता माझ्या हाती देता येईल, हे तिनं त्या दिवशी पाहिलं असावं. पुढच्या उन्हाळ्यात ती लग्न होऊन संत्र्याच्या बागांत निघून गेली, आणि वाळ्याच्या ताटीवर पाणी मारून तिला पाठ लावून निवडण घेऊन मी बसू लागले.

हे सगळं मी आजच्या मुलांना सांगत नाही. सांगितलं की ते माझ्याकडे कळवळून पाहतात. "आई, हा तुझ्यावर अन्याय होता," असं चिकू म्हणतो. असेलही. ताईचा लंगडीचा डाव अर्धा राहिला हे काही चांगलं झालं नाही.

आणि चिकू वाईट मुलगा नाही. मुळीच नाही. पुण्यात नोकरी करत होता, मग म्हणाला, घरूनच काम होतं तर घरी का राहू नये? आला. त्याला आता चार वर्षं होतील. त्याच्या खोलीत अजून त्याची लहानपणीची मोटारींची मांडणी आहे, तिच्यात दरमहा एखादी नवी येते. मीटिंगमध्ये तो वर सदरा आणि खाली अर्धी चड्डी घालून बसतो. मला हसवतो, माझ्या पायाला तेल लावून देतो, मांजराच्या पिलांना बाटलीनं दूध पाजतो. फक्त त्याला काही ठरवता येत नाही. गादी कोणती घ्यावी यावर तो पूर्ण एक पावसाळा विचार करत होता. एक मुलगी होती, चांगली होती, तिनं वाट पाहिली आणि मग पाहिली नाही. "मी अजून तयार नाही, आई," तो म्हणायचा. त्याचं खोटं नव्हतं. तो खरंच तयार नव्हता.

पण एकट्या त्याला काय बोलावं? आमच्या नागपुरात आता मोठं व्हायला कोणीच तयार नाही. संध्याकाळी फुटाळा तलावावर जावं तर पन्नाशीचे पुरुष स्कूटरच्या सीटवर केक कापून एकमेकांच्या तोंडाला फासतात आणि शिट्ट्या मारतात. आमच्या बायकांच्या किटी पार्टीत मागे शाळेचा विषय होता. मी दोन वेण्या घालून, लाल रिबिनी बांधून गेले होते आणि खोटं कशाला बोलू, मला फार मजा आली. माझे यजमान पासष्टीचे. ज्या दिवशी वामनभाऊंची बातमी आली त्या दिवशी ते शाळेतल्या मित्रांबरोबर पचमढीला होते. सगळ्यांचे पिवळे टी-शर्ट, पाठीवर प्रत्येकाचं शाळेतलं टोपणनाव. यांचं 'ढब्बू'. फोटो आले होते. एका धबधब्याखाली अकरावीतल्या पोरांसारखे ते सगळे ओरडत होते आणि त्यांच्यातल्या निम्म्यांच्या छातीवर शस्त्रक्रियेचे व्रण होते. ते पाहून डोळे भरून यावेत की हसावं, मला कळलं नाही.

वामनभाऊ म्हणजे ताईच्या बागेशेजारचे बागाईतदार. आमच्या भाऊजींचे जिवलग. भाऊजी गेल्यावर ताईनं बाग विकली नाही ती वामनभाऊंच्या भरवशावर. दोन बागांमधलं कुंपण त्यांनी काढून टाकलं होतं. त्यांची एक मुलगी, प्रणाली, बंगळुरूला. घरी ते आणि त्यांची बायको सिंधूबाई. ताई मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी माझ्याकडे आली होती तेव्हा निघताना तेच म्हणाले होते, "वहिनी, तुम्ही डोळे करून या, तवर बाग मी पाहतो."

ताई आली आणि चिकूची आणि तिची गट्टी जमली. ती त्याच्या मोटारी हातात घेऊन एकेक तपासायची. "हे कोन्ती गा?" तो नाव सांगायचा. "हिचं दार उघडते का?" उघडायचं. ती खूश व्हायची. मी चिकूबद्दल कुरकुर केली की ती म्हणायची, "त्याले काहून बोलतं तू? तूच त्याले पाणी पाजून पाजून ठेवलं. संत्र्याचं झाड असंच असते, बेबी. पाणी पाणी करत राहिलं तर नुसतं पालवते, फुलत नाही. पाणी तोडून बाग ताणावर सोडा लागते." मग हसायची. "पण मले आवडते वं त्याची पालवी."

शस्त्रक्रियेनंतर तिच्या डोळ्यावर पट्टी होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वाकायचं नाही, डोळा चोळायचा नाही आणि रडायचं तर अजिबात नाही. म्हणून तिचा फोन चिकूकडे असायचा. सकाळी तो तिला गावाकडचे निरोप वाचून दाखवायचा, नको तिथे आवाज काढून, आणि ती हसायची.

त्या सकाळी मी स्वयंपाकघरात पोह्यांना फोडणी देत होते. चिकूचा वाचण्याचा आवाज मध्येच थांबला. मग तो दारात येऊन उभा राहिला. त्याचा चेहरा पाहून मी गॅस बंद केला.

"आई, वामनकाका गेले. पहाटे." तो कुजबुजला. "मी मावशीला कसं सांगू?"

मी पदराला हात पुसत होते तोच आतून ताईचा आवाज आला. "चिकू."

तो वळला. मीही त्याच्या मागे गेले.

"कोन गेलं?" ताई म्हणाली. पट्टी बांधलेला चेहरा तिनं आवाजाच्या दिशेनं धरला होता.

चिकू माझ्याकडे पाहत होता. मी सांगावं म्हणून. मी तोंड उघडलंही होतं. पण का कोण जाणे, तो पुढे झाला, तिच्या पलंगाशी खाली बसला आणि म्हणाला, "मावशी, वामनकाका."

ताईची बोटं पांघरुणाची किनार चाचपत होती. मग ती म्हणाली, "डॉक्टर म्हने रडू नका. मंग मी आता काय करू?"

त्या नरखेडच्या स्थळानंतर ताईनं मला असं पहिल्यांदाच विचारलं होतं. तिला सोडून मला जाता येत नव्हतं, तिचे थेंब, तिचं खाणं. यजमान धबधब्याखाली. ताईच्या मुलाबाळांचा प्रश्नच नव्हता, तिला झालंच नाही.

"चिकू, तू जाय," ताई म्हणाली.

"मी? मावशी, मी कधी... मला काहीच माहीत नाही तिथलं. काय बोलू मी?"

"काही बोलू नको. बसजो सिंधूजवळ. मी नाही येऊ शकत म्हनून सांगजो. आपल्या घरचं माणूस दिसलं पाहिजे तिले."

त्यानं फोन काढला, टॅक्सी शोधली. त्या गावापर्यंत टॅक्सी जायला तयार नव्हती. मग तो म्हणाला, "एसटी कुठून सुटते, आई?" आणि म्हणून मी त्याला सोडायला स्टँडवर आले होते.

बाकावरून उठून मी घरी गेले. ताईच्या डोळ्यांत थेंब घातले. दुपार उलटली तरी चिकूचा फोन नाही. मी चार वेळा केला, लागला नाही. तो अर्ध्या रस्त्यातून परत फिरला असेल, असं मला एकदा वाटून गेलं. दिवेलागणीला फोन आला. आवाज वेगळाच होता. घोगरा.

"आई, मी आज इथेच राहतो. काकूजवळ कोणी नाही. प्रणाली दुपारी पोचली, पण ती... तिला काही सुचत नाहीये."

"जेवलास का?"

"हो. शेजारच्यांनी आणलं." मग म्हणाला, "आई, माणूस एवढा जड असतो का गं?"

खांदा दिला होता त्यानं. मी फक्त म्हटलं, "असतो."

आज राहतो, उद्या राहतो असं करता करता तो तेरवीपर्यंत राहिला. दोन्ही बागांतली वसंतात फुलायची आंबिया बहराची झाडं ताणावर होती, ती पाण्यावर घ्यायचे दिवस आले होते. ते काम थांबण्यातलं नव्हतं. सिंधूबाई सांगायच्या आणि तो करायचा. पहिलं पाणी हलकंच द्यायचं असतं, यानं भरपूर दिलं. त्यांनी त्याला चांगलं फैलावर घेतलं. नवरा गेल्यावर त्यांनी मोठ्यानं बोललेलं ते पहिलं वाक्य होतं म्हणे. दिवसा तो विहिरीच्या काठावर लॅपटॉप घेऊन बसायचा, कारण रेंज तिथेच. मीटिंगमध्ये मोटारपंपाचा आवाज जायचा. विंचू निघाला तेव्हा तो खाटेवर चढून उभा राहिला आणि सिंधूबाईंनी चपलेनं तो मारला. हे त्यांनीच ताईला फोनवर सांगितलं. "तुह्या बहिनीचं पोरगं भेकड आहे वं," त्या म्हणाल्या. "पन रोज सकाळी मी उठाच्या आंधी चहा करून ठेवते. लय कडू करते. मी पेते." ताई हसली. बातमी आल्यापासून पहिल्यांदा.

तो परतला तेव्हा मानेवर ऊन लागलं होतं आणि पांढरे बूट तांबडे झाले होते. त्यानं बॅग ठेवली आणि सरळ ताईजवळ जाऊन बसला. कोणी सांगितलं नव्हतं, पण सगळं सांगत गेला. कोण आलं होतं, कोण आलं नाही. प्रणाली पहिले दोन दिवस बापाची टोपी हातातून सोडत नव्हती. तेरवीला वडे केले होते, काकूनं एक खाल्ला, अर्धा ठेवला. वामनकाकांचा कुत्रा विहिरीपाशीच बसतो. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते. माझ्या हातात उमरेडहून आल्यावर ताईनं दिलेला पाण्याचा पेला आहे की काय, असं वाटत होतं.

"मावशी, मी काही बोललोच नाही गं," तो म्हणाला. "मला वाटत होतं काहीतरी बोलायला पाहिजे. पण सगळे नुसते बसले होते. मीपण बसलो." आणि मग त्याला रडू फुटलं. मोठ्यानं, हुंदके देऊन, लहानपणी रडायचा तसंच. ताईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तिची पट्टी तोवर निघाली होती, पण डॉक्टरांचा हुकूम होताच. ती कोरड्या डोळ्यांनी त्याच्या केसांतून हात फिरवत म्हणाली, "रड बाबा. माह्या वाटचंही रडून घे."

दुसऱ्या दिवशी तो अकरापर्यंत झोपला आणि उठून त्यानं लॅपटॉपवर खेळ लावला. मला वाटलं, संपलं, पुन्हा पूर्वीचं सुरू. पण दर आठ-दहा दिवसांनी तो बागेकडे जायला बॅग भरू लागला. विचारत नव्हता, सांगत होता. मीही स्टँडवर जायचं बंद केलं.

मार्चमध्ये डॉक्टरांनी ताईला मोकळं केलं. तिला पोचवायला मी आणि यजमान गेलो, चिकू आधीच तिकडे होता. काटोल ओलांडलं तसा गाडीत वास शिरला. आंबिया बहर फुलून गेला होता, पण उशिरा फुललेल्या झाडांवर अजून पांढरं होतं, आणि दुसरीकडे मृग बहराच्या फळांची तोड चालू होती. फुलांचा आणि फळांचा असा दोन्ही वास एकदम. ताईनं खिडकी पूर्ण उघडली. "दिसते वं, बेबी," ती म्हणाली. "पान पान दिसते."

सिंधूबाई फाटकाशी उभ्या होत्या. ताई उतरली. दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या आणि मग ताईनं इतक्या दिवसांचं साचलेलं रडून घेतलं. दोन म्हाताऱ्या बायका भर उन्हात गळ्यात गळा घालून मोठ्यानं रडत होत्या आणि झाडांवरचे तोडणारे क्षणभर थांबले होते. मी बाजूला उभी होते. मला त्यांच्यात जावं की न जावं ते कळेना. हातांना काम नव्हतं.

थोड्या अंतरावर झाडाखाली एक माणूस व्यापाऱ्याशी बोलत होता. डोक्याला रुमाल, हात कमरेवर, एक पाय संत्र्याच्या क्रेटवर टेकवलेला. "आज एवढीच झाडं. ती वरली ओळ आठ दिवस थांबेल, अजून रंग नाही धरला," तो सांगत होता. आवाज चढलेला नव्हता. व्यापारी मान हलवत होता. हा कोण बाई, असं मी मनाशी म्हटलं, आणि त्यानं मान वळवली तेव्हा मला कळलं.

इतकी वर्षं मी देवाला, शेजाऱ्यांना, ताईला एकच सांगत आले होते, याला जरा मोठं कर. आणि तिथे उभी असताना छातीत असं काही रिकामं झालं की वाटलं, कोणीतरी माझ्या हातातून अलगद काहीतरी काढून नेलं आणि मला विचारलंही नाही. मांजराच्या पिलांना दूध पाजणारा तो पोरगा कुठे गेला? मला त्याला अजून थोडं ओरडायचं होतं. गादीवरून, बुटांवरून, अकरापर्यंत झोपण्यावरून. ऊन डोक्यावर आलं होतं, डोळ्यांपुढे पांढरं दिसत होतं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. व्यापाऱ्याला हातानं थांबवलं.

"आई," तो म्हणाला, "उन्हात काहून उभी आहेस? सावलीत ये."

मी निमूटपणे सावलीत गेले.